मालदीवची संमती

थंडी पडली की उमरटोल्याच्या ताराचंद मास्तरांना नाटक सुचायचं. त्यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. साकोलीकडच्या या भागात धान कापून घरी आलं की माणसांच्या अंगात नाटक शिरतंच. कुठे मंडईची जत्रा असते, कुठे बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, आणि बैल पळाले की त्या गावात नाटक व्हायलाच हवं असा रिवाज आहे. पण १९८५ च्या डिसेंबरात मास्तरांना जे सुचलं ते आजूबाजूच्या कुठल्याच गावाला कधी सुचलं नव्हतं.

ढाक्याला सात देशांची सभा भरली होती. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव. राजे, राष्ट्रपती, पंतप्रधान एका ओळीत बसले, त्यांनी सह्या केल्या आणि 'सार्क' नावाची संघटना उभी राहिली. मास्तरांनी बातमी रेडिओवर ऐकली, नागपूरच्या पेपरातून कापून शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवली आणि झपाटल्यासारखं नाटक लिहून काढलं. नाव ठेवलं 'सात शेजारी'. पट जानेवारीत होता.

नाट्यमंडळाची बैठक शाळेत भरली तेव्हा भूमिका वाटायचं काम अर्धं आधीच झालेलं होतं. "भारत मी," असं भोजराजनं पायरी चढतानाच सांगून टाकलं. गावातली राईस मिल भोजराजची, पडद्यांचं कापड त्यानंच दिलेलं, लाउडस्पीकरही त्याचाच. पाकिस्तान व्हायला मात्र कोणीच तयार होईना. लोक बोरं मारतील, गोटे मारतील, अशी प्रत्येकाला धास्ती. शेवटी भजनात पेटी वाजवणारा कवडू, ज्यानं आयुष्यात कोंबडीलासुद्धा मोठ्यानं हाकललं नव्हतं, तो म्हणाला, "कोनी तरी झालाच पाह्यजे ना जी. मी होतो." मग नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश पटापट वाटले गेले. भूतान डोमाला मिळालं. उरला तुलाराम.

तुलाराम हा मंडळाचा जुना मोहरा. वीस वर्षं गावाच्या नाटकात नायिका तोच असायचा. धान कापलं की त्याची मिशी उतरायची, आणि रंगमंचावर तो पदर सावरत आला की बायाबापड्या आपापसांत म्हणायच्या, "आपल्याले काही असा पदर घेता येत नाही वो." त्याच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात गंगावन, खोटे दागिने, रंग, पावडर, सगळं लेकरासारखं जपलेलं. पण हळूहळू नागपूरहून खऱ्या बाया नाटकात काम करायला येऊ लागल्या आणि तुलारामची मिशी वर्षभर तशीच राहू लागली. मागच्या वर्षी त्यानं पडदा ओढायचं काम केलं होतं.

"मास्तर, मी कोन?" त्यानं विचारलं.

"मालदीव."

"ते बाई हाये का मानूस?"

"देश आहे, तुलाराम. समुद्रातल्या बेटांचा."

"वाक्यं किती?"

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "चार. पण चारही महत्त्वाची आहेत."

तुलाराम उठला आणि भिंतीवरच्या नकाशापाशी गेला. श्रीलंका सापडली. तिच्या डावीकडे निळ्या रंगात काही ठिपके होते. त्यानं नखानं एक खरवडून पाहिला. तो निघाला. ती माशीची घाण होती. दुसरा निघाला नाही, तेव्हा तोच आपला देश असं त्यानं धरून घेतलं.

घरी बायको बेबीबाई चुलीपुढे बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चार त चार. मांगच्या साली एकबी नव्हतं तुमाले."

"भारत कोन हाये, मालूम हाये का?"

"मालूम हाये," ती म्हणाली आणि भाकर उलटवली. भारत तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

भोजराज आणि तुलाराम साडू. बेबीबाईची थोरली बहीण सुलोचनाबाई भोजराजच्या घरी दिलेली. दोघांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, गावतलावाच्या एकाच पाटाखाली. भोजराजच्या वर, तुलारामच्या खाली. काही वर्षांपूर्वी पाऊस लवकर उलटला, धान पोटरीत आलेलं, आणि तलावाचं पाणी पाळीनं सोडायचं ठरलं. पाळी कोणाची यावरून दोघांची जुंपली. भोजराजनं पाटाचं तोंड बुजवलं, तुलारामनं ते फोडलं, आणि मग चावडीपुढे दोघांनी एकमेकांच्या खानदानाबद्दल असं काही बोलून घेतलं की गावानं कानात बोटं घातली. त्या दिवसापासून बोलणं बंद. रस्त्यात समोर आले तर एकजण झाडाकडे पाहायचा, दुसरा आभाळाकडे.

पहिल्या तालमीला मास्तरांनी सगळ्यांना सार्कची घटना समजावून सांगितली. "दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, दोन देशांमधली आपसातली भांडणं या सभेत काढायची नाहीत. काश्मीर, पाण्याचे तंटे, जे काय असेल ते बाहेर."

पाणी म्हटल्याबरोबर सगळे तुलाराम आणि भोजराजकडे पाहू लागले. दोघं छताकडे पाहत होते.

"आणि दुसरी गोष्ट, कुठलाही निर्णय सगळ्यांच्या संमतीनंच होईल. देश मोठा असो का लहान, एकजण नाही म्हणाला की नाही. आपल्या मंडळातही या वर्षी आपण तसंच करू."

"मनजे मालदीव बी?" तुलारामनं विचारलं.

"मालदीवसुद्धा."

हे वाक्य तुलारामनं घरी जाताना दोनदा-तीनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. त्याच्या चार वाक्यांपेक्षा ते त्याला जास्त आवडलं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी भोजराजनं घरून एक खुर्ची आणवली. नक्षीची, हातवाली. ती मध्यभागी ठेवली. ही भारताची. इतरांना शाळेच्या खुर्च्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मालदीवला गायीचं दूध काढतात तसला तिवई स्टूल मिळाला. तुलाराम गुमान त्याच्यावर बसला. गुडघे हनुवटीला लागले.

मग भोजराज म्हणाला, "मास्तर, म्या नागपूरले सांगून ठेवलं. एक नाचनारी येऊन राहिली. भारताच्या भाषनाच्या आधी एक नाच, मदात एक नाच, मागून एक नाच. पब्लिक खूश होते. भाषन थोडं कमी करा."

मास्तरांचा चेहरा पडला. भाषण त्यांनी जीव ओतून लिहिलेलं होतं. पण पडदे, लाउडस्पीकर सगळं भोजराजचं. नेपाळनं मान डोलावली, श्रीलंकेनं डोलावली. कवडू पाकिस्तान असूनही "चालंल जी," म्हणाला.

स्टुलावरून आवाज आला, "माही संमती नाही."

सगळ्यांच्या माना स्टुलाकडे वळल्या. कित्येक वर्षांत भोजराजच्या बोलण्याला तुलारामनं पहिल्यांदाच उत्तर दिलं होतं, आणि तेही त्याच्याशी नाही, मास्तरांकडे पाहून.

"काहून नाही?" भोजराजनंही मास्तरांनाच विचारलं.

"काहून ते सांगाची गरज नाही. लिवलेलंच हाये तसं. सगळ्यांची संमती पाह्यजे. मालदीवची नाही."

लहान देशालाही 'नाही' म्हणता येतं हे पाहून डोमाला इतका आनंद झाला की त्यानं भूतानतर्फेही संमती काढून घेतली. मग नेपाळनं डोलावलेली मान थांबवली. मास्तर मध्ये पडले, समजावलं, पण नियम त्यांचाच, तो मोडायचा कसा? भोजराज उठला. "माही खुर्ची उचला रे," म्हणाला, आणि नक्षीची खुर्ची गड्याच्या डोक्यावर देऊन निघून गेला. जाताना दारात वळून म्हणाला, "पडदे बी काढून ठेवा. सकाळी मानूस पाठवतो."

त्यानंतर तालीम बंद. गावाला मात्र नाटक सुरू झाल्यासारखंच वाटत होतं. विहिरीवर बाया एकमेकींना विचारायच्या, "बादली सोडू का वो? मालदीवची संमती घेतली का?" पानठेल्यावर तुलाराम दिसला की पोरं उठून उभी राहायची. दोन दिवस त्याला हे फार गोड लागलं. गावात आपल्या 'नाही'ला किंमत आहे, हे त्याला नव्यानं कळत होतं. तिसऱ्या दिवशी तो शाळेवरून जात होता. आत मास्तर एकटेच बसले होते आणि सातही देशांची वाक्यं सात आवाजांत स्वतःच म्हणत होते. मालदीवच्या वाक्याला त्यांनी आवाज मुद्दाम गोड केला होता. तुलाराम मान खाली घालून पुढे गेला. घरी आला, जेवला, पण जेवण गोड लागलं नाही.

इकडे दोन्ही बहिणींचा व्यवहार कधीच बंद पडलेला नव्हता. नवऱ्यांचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुलोचनाबाईनं लाखोळीची डाळ पाठवली होती आणि बेबीबाईनं परत डब्यात वाळकं घालून दिली होती. कधी बोडीवर, गावाजवळच्या लहान तळ्यावर, धुणं धुताना, कधी बाजारात, डबे हात बदलायचे. नवऱ्यांना हे माहीत होतं. लाखोळीची डाळ आपल्या शेतातली नाही हे तुलारामला चवीवरून कळायचं, आणि तो दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

त्या आठवड्यात बोडीवर सुलोचनाबाई लुगडं पिळता पिळता म्हणाली, "बेबी, तुले एक सांगतो, कोनाले सांगजो नको. यायले नाचाचं काही पडलं नाही. यायले भाषन होऊन नाही राहिलं."

"मनजे?"

"नाटकाच्या फळीवर उभं राहाचं भेव वाटते. आरशासमोर उभं होतेत, दोन वाक्यं बोलतेत, अन् घाम फुटते. नाच मदात टाकला त भाषन कमी बोला लागते, मनून नाचनारी आनून राहिले. दाखवतेत असं का मोठेपना करून राहिले."

कोणाला सांगू नको म्हणजे तुलारामला सांग, हे बेबीबाईला न सांगता कळलं. रात्रीच्या जेवणाआधीच तिनं सांगून टाकलं.

तुलाराम ऐकून आधी हसला. खूप हसला. मग हसणं थांबलं आणि बराच वेळ तो उंबरठ्यावर तंबाखू मळत बसला. भोजराजबद्दल त्याच्या मनात राग होता, तो होताच. पण रंगमंचावर घसा कोरडा पडणं म्हणजे काय, हे त्याला गावात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. आणि जो नट असं घाबरतो, त्याला तसाच सोडून द्यायचा, हे त्याच्यातल्या जुन्या नायिकेला पटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो राईस मिलवर गेला. इंजिन फकफक करत होतं. धान घेऊन आलेल्या दोन-तीन बाया सावलीत बसल्या होत्या. भोजराज पोत्यावर बसलेला. साडूला दारात पाहून तो इतका दचकला की झाडाकडे पाहायचं विसरला.

"पान्याचं काही बोलाले नाही आलो मी," तुलाराम म्हणाला.

"मंग कायले आला?"

"भाषन आयकाले."

भोजराजचे कान लाल झाले. "बायकायनं तोंड उघडलं मनाचं."

"उघडलं त उघडलं. भोजराजभाऊ, मी पैल्यांदा लुगडं नेसून उभा झालो ना, तवा माहे पाय असे लटलट कापून राहिले होते का पायातले चाळ वाजत होते. लोकायले वाटलं, नाचून राहिली. टाळ्या पडल्या."

भोजराजला हसायचं नव्हतं. तरी हसू आलं, आणि ते लपवायला तो खोकला. "मिलमदी दिवसभर वरडतो मी. इथं काही होत नाही. तिथं उभा झालो का समोर अंधार."

"इथं वरडता ना? मंग इथंच बोला. इंजन बंद नका करू. इंजनच्या वरतून बोला. अन् सगळ्यायले नका सांगू. ते मागची बुढी दिसते ना, पोत्याले टेकलेली? तिले कमी आयकू येते असं समजा अन् तिलेच सांगा."

भोजराजनं इकडंतिकडं पाहिलं. मग उभा राहिला आणि इंजिनाच्या वर आवाज काढून म्हणाला, "माझ्या शेजारी मित्रांनो! समुद्र आपला एक आहे, डोंगर आपले एक आहेत!"

"काय मन्ते गा?" म्हातारी ओरडली. तिला खरोखरच कमी ऐकू येत होतं.

"मोठ्यानं! डोंगर!" तुलाराम म्हणाला.

"डोंगर आपले एक आहेत!"

"असंल बाप्पा! माहं धान कदी निघंल?"

त्या दुपारी भाषण तीनदा झालं. तिसऱ्या वेळी भोजराज अडखळला नाही. त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि पोत्यावर बसत विचारलं, "तुले काय पाह्यजे याच्या बदली?"

तुलारामच्या ओठांवर पाटाचं पाणी आलं होतं. ते त्यानं गिळलं. मास्तरांचा नियम आठवून नव्हे, तर आत्ता ते काढलं तर भाषण आणि पाणी दोन्ही जातील, हे त्याला स्वच्छ दिसत होतं म्हणून.

"नाचनारी नको," तो म्हणाला. "अन् खुर्च्या सगळ्यायच्या सारख्या पाह्यजेत. त्या स्टुलावर बसून माहे गुडघे गेले."

"बस?"

"बस."

पडदे परत आले. नक्षीची खुर्ची घरीच राहिली. तुलारामनं आपली पत्र्याची पेटी उघडली आणि सातही देशांचे चेहरे स्वतःच्या हातानं रंगवले. भोजराजच्या गालाला पावडर लावताना दोघं एकमेकांच्या इतके जवळ होते की श्वास लागत होता. "डोये मिटा," तुलाराम म्हणाला, आणि भोजराजनं मिटले.

पटाच्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. रात्री नागपूरच्या पार्टीचं नाटक होतं, म्हणून 'सात शेजारी' बैल सुटल्यावर लगेच, दिवेलागणीलाच सुरू झालं. कवडू पाकिस्तान म्हणून आत आला तेव्हा लोकांनी हुर्यो केलीच. त्यानं दोन्ही हात जोडले आणि इतक्या गरीब आवाजात पहिलं वाक्य म्हटलं की पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "जाऊ द्या, बोलू द्या बिचाऱ्याले." मालदीव म्हणून तुलाराम आला. लुंगी, पांढरा सदरा, गळ्यात शिंपल्यांची माळ. ती माळ त्याच्या नायिकेच्या दिवसांतली होती.

मग भारत उभा राहिला. मागच्या रांगेतल्या कुठल्या तरी म्हाताऱ्यावर नजर रोवून भोजराजनं सुरुवात केली. आवाज असा काही लागला की लाउडस्पीकरची गरज राहिली नाही. डोंगर झाले, समुद्र झाला, टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांची चव भोजराजला लागली. मास्तरांचं भाषण संपलं, तरी तो थांबला नाही. शेजाऱ्यांनी व्यापार कसा वाढवावा, हे त्यानं स्वतःच्या मनानं सांगायला घेतलं. व्यापारावरून तो धानावर आला, धानावरून आपल्या मिलवर, आणि आपल्या मिलमध्ये तांदळाचा तुकडा कमी कसा पडतो, हे बांगलादेशला समजावू लागला. पडद्याआड मास्तर डोकं धरून बसले. श्रीलंका जांभई देऊ लागली. लोक कुजबुजायला लागले.

तुलाराम आपल्या खुर्चीवरून उठला. शांतपणे पुढे गेला आणि भोजराजच्या खांद्यावर हात ठेवला.

"भारतभाऊ," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बसा आता. उभं राहून पाय दुखले असतील. आमी बेटावरची लहान मानसं. आमची बोट सुटाची येळ झाली. आमालेबी दोन शब्द बोलू द्या."

लोक असे हसले की शेजारच्या गावचे बैल दावणीला उधळले म्हणतात. क्षणभर भोजराजच्या कपाळावर आठी पडली. मग त्यालाही कळलं. तो हसला, दोन्ही हात जोडले आणि बसला. तुलारामनं आपली चार वाक्यं म्हटली, आणि चांगलीच म्हटली. त्यानंतर घरोघरी पांगेपर्यंत लोक 'सात शेजारी'ला मालदीवचं नाटक म्हणत राहिले.

पाण्याची पाळी कोणाची, हे काही त्या नाटकानं ठरलं नाही. पण दोघं आता रस्त्यात भेटले की बोलू लागले. आधी नुसतं "चाललास का?", "चाललो." मग थोडं जास्त. मे महिन्यात एक दिवस भोजराज सकाळीच तुलारामच्या अंगणात आला.

"पाळीचं मागून पाहू," तो खाली न बसताच म्हणाला. "पन पाट पाह्यला का तू? बेशरमाच्या झुडपायनं भरला हाये सारा. तू मनतो भोजराज साफ करंल, मी मनतो तुलाराम करंल. पानी सुटलं तरी दोघायच्या बांधीत येत नाही. पाटातच अडते."

तुलारामनं कुदळ घेतली.

दोघांनी वरच्या टोकापासून बेशरमाची झुडपं उपटायला सुरुवात केली. दोन-तीन दिवसांत पाटाखालचे आणखी चार-पाच जण येऊन मिळाले. कारण भोजराजसारखा माणूस चिखलात उतरलेला पाहायलाच आधी लोक जमले, आणि जमले ते रिकाम्या हातानं परत जाऊ शकले नाहीत. त्या वर्षी आश्विनात तलावाचं पाणी सोडलं तेव्हा ते भोजराजच्या बांध्यांतून खाली उतरून तुलारामच्या शेवटच्या बांधीपर्यंत गेलं. पाळीवरून थोडी बोलाचाली झाली. पण चावडीपर्यंत कोणी गेलं नाही.

पाट साफ करण्याच्या त्या उन्हाळ्यात एका दुपारी बेबीबाई आणि सुलोचनाबाई दोघींनी मिळून आंबील आणली. साडू बांधावर पळसाच्या सावलीत बसले. भोजराजनं वाटी रिकामी केली, मिशा पुसल्या आणि विचारलं, "तुलाराम, तुह्या त्या मालदीवमदी धान होते का गा?"

"मास्तरले इचारलं मी. नाही मने. चारी बाजूनं समुद्र. मासे अन् नारळ."

"मंग भात नाही खात?"

"खातेत मने. बाहेरून आनतेत तांदूळ."

भोजराजनं आपल्या राईस मिलच्या दिशेनं पाहिलं. मग वाटी पुढे करून त्यानं आणखी आंबील मागितली आणि म्हणाला, "मास्तरले इचारजो बरं, बोट कुठून सुटते ते."